पोचलो, पण मिळालो नाही

मी एक जुना कॅमेरा आहे आणि मी कधीही हरवलो नव्हतो. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. कारण चार दिवस एक माणूस माझ्यापासून पाच पावलांवर उभा राहून ‘कॅमेरा मिळालाच नाही’ असे जगाला सांगत होता, आणि मला तोंड नसल्यामुळे ते मुकाट्याने ऐकावे लागत होते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका कारागीर बाईने माझे भिंग बसवले, बारा वेळा खटका दाबून पाहिला आणि मग कुठे मान डोलावली. तिथून मी एका फोटो स्टुडिओत गेलो. तीस वर्षे स्टँडवर उभा होतो. नोकरीच्या अर्जाचे फोटो, लग्न जुळवायचे फोटो, शाळेच्या पहिल्या दिवशी रडून सुजलेले पोरांचे डोळे, सारे माझ्यासमोरून गेले. “हा खोटं बोलत नाही,” असे मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. खरे सांगू का? ते ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

मग फोनमध्येच कॅमेरे आले. गरज सरो आणि वैद्य मरो, तशी माझी गत झाली. मालकांच्या माघारी मला फुटक्या फ्रेमांबरोबर एका कपाटात कोंबले. दमट हवेने भिंगावर बुरशी चढली, खटका अडकला. नऊ वर्षे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी भंगाराच्या ढिगातून मला ताईने उचलले.

ताई जुने कॅमेरे दुरुस्त करून ऑनलाइन विकते. तिच्या घरातली पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना, आणि विक्रीच्या साइटवरचे एक पान म्हणजे तिचे दुकान. त्या पानावर बारा वर्षांत एकही तक्रार नव्हती. तिने तीन आठवडे माझ्याशी झटून बुरशी काढली, खटका मोकळा केला. माझ्या जातीचे कॅमेरे आता फार उरलेले नाहीत, म्हणून किंमत भरपूर आली. ती वाचून मला पुन्हा जरा चढलीच.

ताईची पाठवण्याची रीत मोठी काटेकोर. वस्तू गुंडाळतानाचे फोटो काढायचे, बंद खोके काट्यावर ठेवून वजनासकट फोटो काढायचा, विमा उतरवायचा आणि सही घेतल्याशिवाय पार्सल सोडू नका असे बजावायचे. शिवाय तिची एक खास युक्ती होती. आत मौल्यवान वस्तू आहे हे बाहेरून कुणाला कळू द्यायचे नाही. शेजारच्या औषधाच्या दुकानातून ती रिकामी खोकी आणायची. माझ्यासाठी तिने डायपरचे निळे खोके निवडले. त्यावर गुबगुबीत बाळाचे चित्र होते आणि ‘मोठ्या बाळांसाठी’ असे ठळक छापलेले होते.

“डायपर कोण चोरतंय?” असे स्वतःशीच म्हणत तिने चिकटपट्टी ओढली. मी अंधारात गेलो. जन्मभर पाहत आलेला मी, आता फक्त ऐकत होतो.

दोन दिवसांनी दुपारी एका दाराची घंटा वाजली. दार आजीबाईंनी उघडले. मुलीच्या बाळंतपणाला त्या मदतीसाठी आल्या होत्या. पार्सलवाल्याने फोन पुढे केला, त्यांनी त्यावर बोटाने एक रेघ ओढली आणि मला उचलले.

“अगं, हे खोकं केवढं जड!” त्या आत गेल्यावर म्हणाल्या.

“मोठ्या मापाचे असतील गं. यांनी आत्ताच मागवून ठेवले वाटतं. राहू दे तळाशी,” बाळाच्या आईचा झोपाळलेला आवाज आला.

बाळ अडीच महिन्यांचे होते. घरात डायपरची खोकी दर आठवड्याला यायची आणि सगळ्यांवर बाळाच्या बाबांचेच नाव असायचे. मला भिंतीशी ठेवून माझ्यावर लहान मापाची तीन खोकी रचली गेली. माझ्या लक्षात आले की बाळ मोठे होईपर्यंत, म्हणजे आणखी सात-आठ महिने, मला कुणी उघडणार नाही. मित्रांनो, माझ्या धातूच्या अंगाला दरदरून घाम फुटला असता, जर तो फुटत असता.

संध्याकाळी बाबा घरी आले.

“आई, माझं काही पार्सल आलं का हो?”

“तुमचं काही नाही आलं. बाळाचे लंगोट आले तेवढे.”

साइटवर तर ‘घरी पोचवले, सही घेतली’ असे लिहून आले होते. बाबांनी सही उघडून पाहिली. “ही सही आहे? ही नुसती रेघ आहे! कोणीही ओढेल!” तिथेच संशयाची ठिणगी पडली. ते शेजारच्या तिन्ही घरी जाऊन आले, खाली पहारेकऱ्याला विचारून आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

त्यांनी ताईला लिहिले आणि तिचे उत्तर लगेच आले. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. तिने शांतपणे लिहिले होते की घरातल्या सगळ्यांना पुन्हा विचारा, मीही पार्सल कंपनीकडे चौकशी लावली आहे, काळजी करू नका.

“काळजी करू नका म्हणे! पैसे माझे गेलेत.” दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर तक्रार केली. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत निकाल लागला नाही, तर साइट पैसे परत करणार आणि ताईचे पान बंद करणार, असा तिथला नियम होता. विम्याचाही उपयोग नव्हता. विमा हरवलेल्या पार्सलला मिळतो, आणि कागदोपत्री मी तर पोचलो होतो.

ताईने तिचे सगळे फोटो साइटला पाठवले. वजन, खोके, पावती, सगळे. साइटने ते आपल्या फायलीत ठेवले, बाबांना दाखवले नाहीत. आणि खोके कसले होते हे बाबांना वेगळे सांगावे, असे ताईच्या डोक्यातच आले नाही. घरी आलेले पार्सल माणूस उघडणारच, असे ती धरून चालली होती.

तिसऱ्या दिवशी बाबांचा तोल गेला. ताईच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असे, त्यांनी एकच शब्द लिहिला: ‘चोर’.

“अहो, आधी नीट खात्री तरी करायची,” बाळाची आई म्हणाली.

“खात्री कसली? बारा वर्षं सरळ वागली आणि मोठा मासा लागल्यावर हात मारला.”

मी खोक्यात तडफडलो. तीस वर्षे ज्याच्या साक्षीवर माणसांनी विश्वास ठेवला, तोच साक्षीदार लंगोटांखाली दबून बसला होता! मला उघडा एवढेच म्हणायचे होते. पण कुणी दाबल्याशिवाय माझा खटकासुद्धा वाजत नाही.

चौथा दिवस उजाडला. दुपारी चार वाजून गेल्यावर आजीबाईंनी आवरायला काढले. “हे मोठ्या मापाचं धूड कशाला जागा अडवतंय? खालच्या काकूंचा नातू दहा महिन्यांचा आहे, त्यांना देऊन टाकते. आपल्याला लागेल तेव्हा आणू दुसरं.” वरची खोकी बाजूला झाली. त्यांनी मला उचलून बाहेरच्या दाराशी आणले आणि त्या चपला शोधू लागल्या. माझा जीव टांगणीला लागला. खालच्या घरात मी उघडला गेलो असतो, पण केव्हा आणि कुणाकडून? तोवर पाच वाजून गेले असते.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. हातात बाळ होते म्हणून त्यांनी तो मेजावर ठेवून स्पीकर लावला.

“दादा, मी कॅमेरावाली बोलतेय. पाच वाजता सगळं बंद होईल, म्हणून शेवटचं विचारते. घरात पुन्हा एकदा बघाल का?” ताईचा आवाज होता.

“किती वेळा सांगू, बाई? तुम्ही पाठवलंच नाही, कबूल करा ना.”

“पाठवलंय हो. दोन किलो तीनशे ग्रॅम. काट्यावर ठेवून फोटो काढलाय.”

“विटा भरल्या तरी वजन येतं!”

आजीबाईंना चपला सापडल्या. मला काखेत धरून त्यांनी दार उघडले आणि लिफ्टचे बटण दाबले. त्याच क्षणी, बाबांच्या वाढलेल्या आवाजाने दचकून बाळाने भोकाड पसरले.

“लहान बाळ आहे तुमच्याकडे?” ताईने विचारले.

“आहे, अडीच महिन्यांचं. त्याचं काय आता?”

लिफ्ट घरघरत वर येत होती.

“दादा,” ताई एकदम भराभर बोलू लागली, “डायपरची खोकी आहेत का घरात? त्यात निळं, मोठ्या बाळांचं माप लिहिलेलं? कॅमेरा त्यात आहे. वाटेत कोणी पळवू नये म्हणून मीच त्यात घातला होता!”

लिफ्टचे दार उघडले.

“आई, थांबा! ते खोकं!” बाबा बाळासकट धावत आले.

“अहो, ओरडता काय? दचकलं ना पोर,” आजीबाई म्हणाल्या, पण थांबल्या.

चिकटपट्टी फाटली, कापूस बाजूला झाला आणि कितीतरी दिवसांनी माझ्या डोळ्यावर उजेड पडला. समोर बाबांचा चेहरा होता. मी आयुष्यात हजारो चेहरे टिपले, पण इतका पडलेला चेहरा पाहिला नव्हता.

फोन चालूच होता. आजीबाई पुढे झाल्या. “बाई, रेघ मी ओढली होती. न बघता घेतलं, चूक माझी.”

“नाही हो आजी, खोकं तर मीच निवडलं. सांगायला हवं होतं,” ताई म्हणाली. तिला रडू आवरत नव्हते.

मग तीच बाबांना म्हणाली, “दादा, साडेचार वाजलेत. आधी तक्रार मागे घ्या, मग बोलू.”

त्यांनी तक्रार मागे घेतली. तो शब्दही पुसला. ताईचे पान वाचले. पण त्या एका दिवसात तिची दोन गिऱ्हाइके ‘आम्हाला नको’ म्हणून निघून गेली होती, आणि ती परत आली नाहीत.

मित्रांनो, मौल्यवान वस्तू पाठवाल तेव्हा ती कशात बांधली आहे ते घेणाऱ्याला कळवा. वस्तू घ्याल तेव्हा सही करण्याआधी पार्सल निरखा. आणि मिळाले नाही असे वाटले, तर आधी घरातले प्रत्येक खोके उघडा, मग तोंड उघडा. माझ्यासाठी ताईने कापूस घातला, विमा उतरवला, सही मागितली, तरी मला पोचून मिळायला चार दिवस लागले. ‘चोर’ हा शब्द मात्र सुटा पाठवला होता आणि तो तिला त्याच क्षणी मिळाला.