उघडी मूठ

बाईंनी फळ्यावर देवमासा काढला आणि सांगितलं, "आठवडाभरात घरात होणारा प्लास्टिकचा कचरा पिशवीत भरून आणा. त्याचाच आपण देवमासा करू, म्हणजे समुद्राचं काय होतंय ते लोकांना कळेल. ज्यांच्या पिशव्या सगळ्यात जड, ते दहा जण माझ्याबरोबर होडीतून येतील."

होडी म्हटल्यावर चिंधीनं कान टवकारले. आई शिवणकाम करायची, म्हणून वर्गानं पोरीचं नाव चिंधी ठेवलं होतं. घराच्या खिडकीतून समुद्र रोज दिसायचा, पण त्यावर जायचा योग काही आला नव्हता. आता आला, तर घरात कचराच नाही! आई दुकानात जाताना डबे आणि कापडी पिशव्या घेऊन जाणार, कातरणं उशांत भरणार, फुटकं चिकटवून वापरणार. आठवडाभर धुंडाळून सापडलं काय, तर गोळ्यांचं एक रिकामं पाकीट आणि संपलेली रिफील.

"आई, वेफर्सची चार पाकिटं तरी आण ना!"

"म्हणजे आता कचरा विकत आणू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मशीन पुन्हा खडखडायला लागलं. विषय संपला.

ठरलेल्या दिवशी वर्गातल्या गट्टूनं तीन पिशव्या ओढत आणल्या. बाईंनी त्या ताणकाट्याला लावल्या, तर काटा पार तळाला गेला. चिंधीची पाळी आली तेव्हा तिनं मूठ पाठीमागे लपवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण बाई कसल्या सोडतायत! उघडायला लावलीच. वर्ग खो-खो हसला. घरात कचरा नाही म्हणून बिचारीचा वर्गात कचरा झाला.

"बाकीचा कुठंय?" बाईंनी विचारलं.

"झालाच नाही, बाई." तिचा आवाज रडवेला झाला होता.

बाईंची नजर गट्टूच्या पिशव्यांतल्या बाटल्यांवर गेली. सगळ्या एकाच रंगाच्या, कोऱ्या करकरीत.

"एवढं सरबत प्यायलात एका आठवड्यात?"

"प्यायलो कुठं? काल बाबांनी मोरीत ओतलं. देवमासा मोठा व्हायला नको का?"

आपण समुद्र वाचवायला निघालो आणि पोरांना कचरा करायची शर्यत लावून बसलो, हे बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी सगळ्यांदेखत कान पकडले, स्वतःचेच. "चुकलं माझं, बाळांनो." आणि होडीची यादी खालून वर वाचायला घेतली. यापुढे दर आठवड्याला होडीची एक फेरी, यादी अशीच, हलक्या पिशवीवाले आधी. पहिलं नाव चिंधीचं होतं. तिला रडू फुटलंच, पण आता त्याची लाज वाटली नाही.

त्यानंतर पिशव्या भराभर हलक्या होत गेल्या. देवमासा बिनशेपटीचाच राहिला. बाई म्हणाल्या, "राहू दे."

तिसऱ्या फेरीच्या दिवशी गट्टू आला तो चिंधीच्या आईनं शिवलेली पिशवी खांद्याला अडकवून, डावी मूठ गच्च मिटून. ती त्यानं आधी चिंधीसमोर उघडली. आत चॉकलेटचा एक कागद होता.

"एकच आहे," तो ऐटीत म्हणाला. मग जरा ओशाळून पुढे म्हणाला, "आणि तोही धाकटीचा."