डोक्यावरचा पिवळा ठिपका

मी एक पांढरा उंदीर बोलतोय. खुर्चीवर चढू नका. धान्याची पोती कुरतडणाऱ्यांपैकी मी नव्हे. गणपतीच्या पायाशी बसणाऱ्या माझ्या भाऊबंदांना मोदक तरी मिळतो. माझा जन्म चंदीगडमधल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत झाला, जाळीच्या पिंजऱ्यात, लाकडाच्या भुशावर.

आम्हा उंदरांचं वयात येणं काही आठवड्यांत उरकतं. तुमच्या मुलांना त्यासाठी वर्षं लागतात, आणि रुसवेफुगवे वेगळेच. म्हणूनच डॉक्टर विनयाताईंना आम्ही हवे होतो. कोवळ्या वयात उदासीवरचं औषध दिलं आणि मग थांबवलं, तर मोठेपणी मेंदूत आणि वागण्यात काय उरतं, हे त्यांना शोधायचं होतं. निम्म्या पिल्लांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. औषधवाल्यांच्या डोक्यावर ओळखीसाठी पिवळा ठिपका. मी ठिपकेवाला.

विनयाताई साताऱ्याच्या. नवरा अशोक हवाई दलात, नेमणूक दूर राजस्थानात. इस्पितळाच्या आवारातल्या घरात त्या आणि चौदा वर्षांची लेक चित्रा. पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस वाईट होते. चौकाचौकांत वाळूची पोती, त्यांच्याआड बंदुका घेतलेले जवान, आणि दिवेलागणीच्या आत दुकानं बंद. चित्राच्या जिवलग मैत्रिणीच्या वडिलांना बसमधून उतरवून मारलं. मैत्रीण आईबरोबर दिल्लीला गेली ती गेलीच. त्यानंतर चित्रा बोलेना, जेवेना, अंथरुणातून उठेना. शेवटी तिच्या डॉक्टरांनी तिला औषध सुरू केलं. तेच, जे आम्हाला चाललं होतं.

हे सगळं मी पिंजऱ्याजवळच्या बोलण्यांतून जोडलं. ताई सकाळी लेकीला औषध देऊन यायच्या आणि मग आम्हाला द्यायच्या. घरी त्यांचा हात थरथरायचा की नाही ठाऊक नाही, माझ्या तोंडाशी मात्र थरथरायचा.

मग कर्फ्यू लागला. आमचं खाणंपिणं बघणारे कृष्णाजी शहराबाहेरच्या गावात राहायचे, ते अडकून पडले. वॉर्डात जखमींची रीघ लागलेली. ताईंनी चित्राला उठवून आमच्याकडे आणलं.

"खाणं घालायचं, पाणी बदलायचं, दार लावून घ्यायचं. एवढंच कर, बाळा."

चित्रा दारातच उभी राहिली. तिचा चेहरा पाहून ताईंना गलबलून आलं. लेकीला जरा सोबत वाटावी म्हणून त्या सहज बोलून गेल्या, "हे पिवळ्या ठिपक्याचे आहेत ना, ते तुझंच औषध घेतात."

ज्या बाईने आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'कुठल्या गटाला काय दिलंय ते कुणाला सांगू नका' म्हणून दटावलं, ती हे बोलली. पण त्या वेळी ती डॉक्टर नव्हती, आई होती.

ताई गेल्या. चित्राने पिंजरा उघडला आणि मला उचललं. माझी घाबरगुंडी उडाली; उचललं की औषध, एवढंच मला माहीत. पण तिने मला तळहातावर घेतलं आणि बोटाने ठिपक्यावरून हलकेच कुरवाळलं.

"ओए पीलू, तुझे भी नींद नहीं आती?"

कितीतरी दिवसांत तिच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द होते, हे मला मागाहून कळलं. ते एका उंदराच्या वाट्याला आले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

कर्फ्यू उठला, कृष्णाजी परतले, तरी ती शाळेतून थेट आमच्याकडे येत राहिली. आमचं औषध थांबलं, आम्ही मोठे झालो, तरी येतच राहिली. मैत्रिणीबद्दल सांगायची, मधेच रडायची, माझ्या पाठीला नाक पुसायची. आणि हळूहळू आईलाही सांगू लागली.

आम्हा उंदरांच्या परीक्षेचा दिवस आला. अधिकच्या चिन्हासारखी उंच फळी असते. तिच्या चार हातांपैकी दोनांना भिंती, दोन उघडे. भित्रा उंदीर भिंतीआड अंग चोरून बसतो. ताई स्टॉपवॉच घेऊन उभ्या. पाणीवाले भिंतीआड बसले. आम्ही ठिपकेवाले मात्र बागेत फिरायला निघाल्यासारखे उघड्यावर. ताईंचा जीव भांड्यात पडला. औषधाने मागे काही वाईट ठेवलं नाही! खात्री करायला म्हणून त्यांनी मला पुन्हा फळीवर ठेवलं, आणि मी टोकाला जाऊन मिशा हलवत त्यांच्या हातावरच चढलो.

त्यांनी स्टॉपवॉच खाली ठेवलं. नुसता औषधापुरता उचललेला उंदीर असा आपणहून हातावर येत नाही.

"चित्रा, तू यांना उचलून घेत होतीस?"

"हो."

"सगळ्यांना?"

"नाही. बस, पिवळ्यांना." तिला आईचा चेहरा कळेना. "वो मेरे वाले थे ना, आई."

ताई खाली बसल्या. आमची हिंमत औषधाची की या पोरीच्या हाताची, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. एवढ्या महिन्यांचं काम गेलं. त्याहून मोठं म्हणजे, लेकीसाठी हवं असलेलं उत्तर गेलं.

"तो मेरा क्या होगा? मोठी झाल्यावर?" चित्राने विचारलं.

"मला माहीत नाही गं," ताई म्हणाल्या, आणि रडल्या. "औषध हवं होतं म्हणून दिलं. ते पुढे काय करेल ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

चित्रा आईशेजारी बसली. "अब कम से कम सच तो बोला, यार."

ठरल्याप्रमाणे परीक्षेनंतर आमचे मेंदू काढून तपासायचे होते. बिघडलेल्या प्रयोगाचे मेंदू काय कामाचे? चित्रा हट्टाला पेटली आणि मी त्यांच्या घरी आलो. ताईंनी नव्या पिल्लांवर काम पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ठिपका कुणाचा हे न बघता सगळ्यांना रोज सारखंच कुरवाळायचं, असा नियम होता. ते काम चित्राकडे.

तिचं औषध तिच्या डॉक्टरांनी बेताबेताने कमी करत थांबवलं. पण ताईंची नजर थांबेना. पोरगी मोठ्याने हसली की त्या बघणार, दार आपटलं की बघणार. औषधाचं म्हणायचं की वयाचं? एकदा चित्रा वैतागून म्हणाली, "आई, मला फळीवर ठेवू नकोस ना!"

आज, दहावी संपवून, ती पुण्याला कॉलेजला निघाली आहे. मी म्हातारा झालोय, मागचे पाय ओढत चालतो. माझ्या डोक्यात औषधाने काय बदललं, ते मी सांगू शकत नाही. मला दुसरं डोकं कधी मिळालंच नाही. तुम्ही शोधत राहा, शोधायलाच हवं. फक्त, जिच्यासाठी शोधताय तिला मधूनमधून जवळही घ्या.

सुट्टीवर आलेले अशोक रिक्षात ट्रंक ठेवताहेत. चित्राने मला कुरवाळलं. ठिपका कधीचा उडालाय, पण तिचं बोट बरोबर तिथेच आलं. मग ती दारात आईसमोर उभी राहिली. ताई तिच्याकडे बघताहेत, डोळे, ओठ, हात, सगळं तपासत.

आणि मग त्यांनी डोळे मिटले, आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

तो थरथरला नाही.