टेकडीचं बंद फाटक

आमच्या तरविन भागात पूर येतो तो निरभ्र आभाळाखाली. पाऊस पडतो उत्तरेला, कुठेतरी तीनशे मैलांवर, आणि पाणी रमतगमत इकडे येतं. जमीन परातीसारखी सपाट. घराएवढ्या उंचीच्या एका वाळूच्या उंचवट्याला आम्ही मोठ्या कौतुकाने टेकडी म्हणतो. पूर आला की मेंढ्या तिथेच न्यायच्या.

वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांनी फोनवर सांगितलं होतं, पाणी परवा पोचेल. ते त्याच दुपारी ओहोळांत चमकायला लागलं. आमच्या सहाशे मेंढ्या, सगळ्या गाभण, दुष्काळात विकतच्या चाऱ्यावर जगवलेल्या.

"मी गाडी घेऊन पुढे होतो," माझा नवरा रेक्स म्हणाला. "तू मागून हाक. आणि डेल्मा, घाई नको, बिथरतील."

"तू तुझं बघ, शहाण्या."

मोटरसायकलवरून मी कळप हाकत निघाले. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग अर्धं चाक बुडालं. टेकडी समोर दिसत असताना कळप अडला. कुंपणाचं फाटक बंद होतं!

इकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. रेक्सच्या तर ते हाडीमाशी खिळलेलं. त्याने गाडी आत घातली, खाली उतरून साखळी अडकवली आणि टेकडी गाठली. फाटक उघडायचं आमच्या बाजूला, आणि त्याला सगळा कळप भिडलेला. आता ते दहा माणसांनाही उघडता आलं नसतं.

"रेक्स! अरे गाढवा, फाटक!"

मागच्या मेंढ्या रेटत होत्या, पुढच्या चिरडल्या जात होत्या. पाणी त्यांच्या पोटाला लागलं. लोकर भिजली की मेंढी दगडासारखी बुडते. मी रडत होते आणि त्याला शिव्याही घालत होते.

रेक्सने वळून पाहिलं. दुसऱ्याच क्षणी त्याची गाडी उतारावरून सुसाट खाली आली आणि फाटकाशेजारचं कुंपण खांबांसकट आडवं करून पाण्यात कलंडली. मेंढ्या त्या खिंडारातून वर धावल्या. तो खिडकीतून बाहेर आला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

फाटकापाशी चाळीसेक मेंढ्या मेल्या. रेक्स त्यांच्याकडे बघत वाळूत बसला. त्याला मनसोक्त झापायचं ठरवून मी जवळ गेले.

"बापाने आयुष्यात एकदाच मारलं गं मला," तो म्हणाला. "सहा वर्षांचा होतो. हेच फाटक उघडं टाकलं म्हणून."