चार रकाने आणि एक शपथ

मास्तरांची धाकटी भावजय दारात आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चपलाही न काढता तिने एका दमात सांगितलं, "चार वाजता त्यांना आत घेणार आहेत. हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांनी आधी भेटून घ्या. भाऊजी, उठा."

मास्तरांच्या हातातली तांबडी पेन्सिल कागदावर टेकली होती, तिथेच राहिली. शाळा सोडून चौदा वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. हल्ली ते बायबलचं नवं भाषांतर करणाऱ्या मंडळासाठी तक्ते तयार करत. मोठ्या कागदावर चार रकाने आखायचे, चार जुन्या भाषांतरांतलं एकेक वचन समोरासमोर उतरवायचं आणि जिथे चौघांचं जुळत नाही तिथे तांबडी खूण करायची. खूण नसलेल्या वचनापाशी मंडळ थांबत नसे. मंडळात स्वतः मास्तरांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. तक्ता पुढे सरकवायचा आणि घसा खाकरायचा, एवढीच त्यांची झेप.

"मला येता येणार नाही," ते म्हणाले. "तुला माहीत आहे."

तिलाच काय, सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर धाकट्या भावाने घर आवरताना कागदांची एक जुनी पेटी रद्दीत घातली. तिच्यात वडिलांचं बायबल होतं. समासात चाळीस वर्षांची टिपणं. मास्तर धापा टाकत रद्दीच्या दुकानात पोचले, तोवर माल कारखान्याकडे रवाना झाला होता. ते परत आले, फाटकापाशी थांबले आणि शेजारीपाजारी बघत असताना या मुखदुर्बळ माणसाने हात वर करून देवाची शपथ घेतली, जिवात जीव आहे तोवर मी याच्याशी एक शब्द बोलणार नाही. आणि ते बोलले नाहीत. लग्नात नाही, मयतीत नाही, प्रार्थनेला शेजारच्या बाकावर बसूनही नाही.

"आणि हे काय चाललंय?" भावजयीने टेबलावर नजर टाकली. चार जाडजूड ग्रंथ उघडे पडले होते.

मास्तर ओशाळले. हा तक्ता मंडळाने मागितलेलाच नव्हता. धाकट्याला इस्पितळात ठेवल्याचं कानावर आलं त्या दिवसापासून ते एकच गोष्ट शोधत होते. देवाने स्वतः ज्या शपथा घेतल्या, त्यांतली एखादी तरी त्याने मागे घेतली का?

"मग? घेतली?"

"बघतोय." त्यांनी बोट ठेवलं. "हे गुलामगिरीतून सुटून रानात भटकणाऱ्या लोकांचं. देव त्यांच्यावर चिडला आणि शपथ घेतली, की हे माझ्या विसाव्यात, म्हणजे देऊ केलेल्या देशात, येणार नाहीत. तीन भाषांतरांत असंच आहे. चौथ्यात फक्त 'आले तर' एवढंच, आणि वाक्य तिथेच तुटतं."

"म्हणजे दार किलकिलं ठेवलं की त्याने!"

मास्तरांनाही पहाटे क्षणभर तसंच वाटलं होतं. पण खोटं बोलणं त्यांना जमत नसे, कागदाशी तर मुळीच नाही. "नाही गं. मूळ हिब्रूत शपथ अशीच घेतात. 'आले तर' म्हणायचं आणि पुढे स्वतःला मागायची शिक्षा गिळून टाकायची. ऐकणाऱ्याने ओळखायचं. म्हणजे उलट जास्तच कडक."

भिंतीवरचं घड्याळ अडीचच्या पुढे सरकलं. भावजय खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. ती शिवणकाम करी. बोटाला सुया टोचून टोचून तिचं बोलणंही तसंच टोचरं झालं होतं.

"देव शपथ घेतो ती कुणाची?"

"स्वतःचीच. त्याच्याहून मोठं कुणी नाही ना. अब्राहामाला त्याने तसंच सांगितलं."

"मग मोडली तर भरायचं कुणी?"

"त्यानेच."

"आणि तुमची मोडली तर?"

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी."

"मग भरा की! तुमच्या शपथेचं माझ्या नवऱ्याने का भरायचं?"

मास्तरांनी एकेक करून चारही ग्रंथ मिटले. मग उठले, कोट चढवला, आणि जाता जाता वही आणि पेन्सिल खिशात टाकली. भावजयीच्या ते लक्षात आलं. पण माणूस उठलाय तेवढं पुरे, म्हणून ती काही बोलली नाही.

रिक्षात मास्तरांनी वहीतलं एक पान भरलं. खोडलं, फाडलं, दुसरं भरलं. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. शपथही राहील, भाऊही राहील. पण पान भरत गेलं तसतशी त्यांची त्यांनाच लाज वाटू लागली. शाळेत असली पळवाट काढणाऱ्या पोरांना ते वर्गाबाहेर उभं करत.

दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा चाराला दहा मिनिटं होती आणि चाकांची खाट वॉर्डातून बाहेर निघालीच होती. हिरव्या झग्यात धाकटा ओळखू येत नव्हता. कवळी काढल्यामुळे गाल आत गेले होते.

"दादा?" तो म्हणाला. "दादाच ना?"

मास्तरांनी पान पुढे केलं. धाकट्याने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"काही दिसत नाही रे. चष्मा काढून घेतलाय या लोकांनी. वाचून दाखव ना."

"काका, बाजूला व्हा," खाट ढकलणारा वॉर्डबॉय म्हणाला. "आत वाट बघतायत."

"आणा, मी वाचते," म्हणत भावजयीने हात पुढे केला.

मास्तरांना वाटलं, देऊन टाकावं. तिचा आवाज, आपले शब्द. शपथेला धक्का नाही. खाट हलली. धाकट्याची मान त्यांच्या दिशेने वळून राहिली होती, आणि त्या नजरेला समोरच्या माणसाचा नुसता धूसर आकार दिसत असणार. मास्तरांनी भावजयीचा हात बाजूला केला, भावाच्या बोटांतून पान काढून घेतलं आणि खाटेबरोबर चालू लागले.

घसा दोनदा खाकरला. तिसऱ्यांदा आवाज फुटला, तो चिरका.

"मी आलोय रे."

धाकट्याच्या बोळक्या तोंडावर हसू पसरलं. "एवढंच लिहायला अख्खं पान लागलं?"

"बाकी सगळ्या शिव्या आहेत," मास्तर म्हणाले. "बाहेर ये, मग तोंडावर देतो."

"सगळ्या?"

"एकही सोडणार नाही."

दुहेरी दार उघडलं, खाट आत गेली, दार मिटलं. मास्तर भिंतीला धरून बाकावर बसले. भावजयीने विचारलं, "बरं वाटतंय ना, भाऊजी?"

"नाही," ते म्हणाले. "भीती वाटतेय. शपथ मोडलीय मी." मग दाराकडे बघत पुटपुटले, "देवाला म्हणावं, शिक्षा माझ्याकडून घे. त्याच्याकडून नको."