बांधावरचं तांबडं

“सिडकोचे ना तुमी?” सदू पाटलाने बांध अडवून मला विचारलं.

“नाही हो. शाळेत मास्तर आहे. विज्ञान शिकवतो.”

“मास्तर सकालच्या पारी बांधाव काय मोजतो?”

मी काही मोजत नव्हतो, हवा खात होतो. पण एक्याऐंशी सालच्या तळवलीत पॅन्ट घालून खाडीकडे फिरणारा माणूस हवा खातो, यावर कोण विश्वास ठेवणार? पॅन्टवाले येऊन गेले की मागून जमिनीच्या नोटिसा येत. सदूने माझी पिशवी तपासली. आत खडूंची पेटी आणि जेवणाचा डबा निघाला, तर त्याचा संशय उलट वाढला.

मिठागरावर सदूचं खरं काम एकच, पण त्यावर साऱ्यांचं पोट होतं. पहाटे तो पूर्वेचं तांबडं बघायचा. ढगांच्या पोटाला लाली चढली की दुपारनंतर पाऊस, म्हणून तो “झाका” म्हणायचा. मग बाया मिठाच्या राशींवर पेंढा रचत. आभाळ साधं असलं की “ओढा”, आणि वाफ्यांतलं मीठ लाकडी फळ्यांनी ओढायला सुरुवात. तीस वर्षं त्याचा शब्द चुकला नव्हता.

पुढे रबाळ्याकडे रंगाचा कारखाना उभा राहिला आणि आभाळ रोजच लाल उगवू लागलं. सदू रोज “झाका” म्हणे आणि पावसाचा थेंब नसे. अर्धा दिवस झाकाझाकीत जाई, तेवढी मजुरी बुडे. “सदूदादाचं डोलं गेलं,” असं पुतळाबाय त्याच्या तोंडावर म्हणाली. ही बायांची मुकादम, आणि जीभ मिठाहून खारट.

मला राहवलं नाही. शिकवायची खोड, दुसरं काय! मी सदूला सांगितलं की उन्हात सात रंग असतात. निळा हवेत चहूकडे विखुरतो, म्हणून दुपारचं आभाळ निळं. सकाळी ऊन तिरकं, लांबून येतं. निळा वाटेतच गळतो, लाल तेवढा पोचतो.

“त्यात धूर असला की लाली आणखी वाढते,” मी म्हणालो. “तुमचं हल्लीचं तांबडं कारखान्याचं आहे, दादा.”

“ह्या तुमाला कोनी सांगितला?”

“पुस्तकात आहे.”

“सरकारचा नकाशा पन पुस्तकात हाय. त्यात आमचा गाव नाय,” म्हणून तो उठून गेला.

एप्रिलअखेर एका सकाळी पूर्व नुसती पेटली होती. बाया पेंढ्याचे भारे घेऊन थांबल्या. सदू कितीतरी वेळ वर बघत होता. मग हळूच माझ्याजवळ आला.

“मास्तर, खरा सांगा. ह्यो धूरच ना?”

त्याने पहिल्यांदाच मला काही विचारलं होतं. मला केवढं बरं वाटलं.

“धूरच,” मी म्हणालो.

“ओढा,” सदूने आवाज दिला.

तीन वाजता वळीव कोसळला. मी वर्ग सोडून पळत गेलो. बाया भिजत पेंढा टाकत होत्या, पण राशी विरघळून बांधावरून खाडीत उतरत होत्या. अर्ध्या तासात पंधरा दिवसांची मेहनत गेली.

“झाका का नाय बोललास, सदूदादा?” पुतळाबायने विचारलं.

“मना वाटला, कारखान्याचा धूर हाय.”

“कसला धूर? तीन दिस कारखाना बंद हाय. संप हाय त्यांचा, माजी सून घरातच बसलीय.”

सदूने माझ्याकडे पाहिलं. ‘आधी नीट बघा, मग लिहा’ म्हणून पोरांना बदडणारा मी. पण त्या सकाळी मान वळवून धुराडं बघितलं नव्हतं. त्याने माझं नाव घेतलं असतं तर बायांनी मला तिथेच बुडवलं असतं, आणि ते बरं झालं असतं.

“चूक माजी,” सदू म्हणाला.

आठवड्याने आगरात पुन्हा मीठ धरलं. मी शरमेने लांबच उभा होतो. बाया नेहमीसारख्या सदूकडे बघत थांबल्या.

“पुतळाबाय, आता तू बघ,” तो म्हणाला.

ती गांगरली. कपाळावर हात धरून तिने पूर्वेकडे खूप वेळ पाहिलं आणि अडखळत म्हणाली, “ओढा.”

सदूने एक फळी उचलली आणि बायांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.