चेन उतरलेलं गाणं

"मॅडम, 'उडव छत्री' लावतो ना! अख्खा दवाखाना नाचते त्याच्यावर," रोशन म्हणाला. एरवी अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, आज मात्र समुद्रपूरच्या दवाखान्याचा डीजे.

"मंग नाचजो तू. पयले मी सांगतलं ते गाणं लाव," इंदिरा सिस्टर ठाम होत्या. आज त्यांचा सेंडॉफ होता. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. उभ्या नोकरीत या बाईने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ड्युटी बदलूनसुद्धा नाही. आज मागितलं, तर काय? 'निळी छत्री' या ग्रुपचं असं एक गाणं, जे त्यांच्या स्वतःच्या तरी ध्यानात असेल की नाही, देव जाणे!

आज त्या पोरांच्या 'उडव छत्री'शिवाय वरात हलत नाही. पण त्यांची पहिली कॅसेट आली तेव्हा त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. हिंगणघाटच्या दुकानदाराने ती बाईंच्या गळ्यात मारली होती. तिच्यात अगदी शेवटचं गाणं एका मुलीचं. तिच्या सायकलची चेन उतरलीय आणि एक मुलगा तिच्यासाठी थांबलाय, एवढीच गोष्ट. ना ढोल, ना धांगडधिंगा. एक गिटार, आणि मागे कुणीतरी चक्क सायकलची घंटी वाजवतंय. त्या घंटीवर बाईंचा जीव जडला. ड्युटीवरून आलं की चहा ठेवायचा आणि ते लावायचं. तेवढ्या वेळात त्या ना सिस्टर, ना आई, ना सून. नुसती सायकलवरची पोरगी.

त्यांचे यजमान अच्युतराव, गणिताचे मास्तर. ते रोज तोच टोमणा मारायचे, "अवं, त्या पोरीची चेन अजून बसली नाई का?" पण एकदा टेपने रीळ खाल्ली, तेव्हा चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापून, बाईंच्याच नेलपॉलिशने रीळ जोडून दिली ती त्यांनीच. जोडताना मधली एक ओळ गेली. बाई आणि पोरं ते गाणं तसंच, एक ओळ गिळून म्हणायला शिकली, आणि गिळलेली ओळ विसरूनही गेली. पुढे टेप गेला, कॅसेटला बुरशी लागली, आणि गाणं फक्त बाईंच्या ओठांवर राहिलं. नोकरी संपायच्या आत ते एकदा तरी कानांनी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"सापडलं!" मोबाइल धुंडाळणारी दिपाली ओरडली. नवी नर्स ती, पोरसवदाच. "जुनी कॅसेट आत्ताच नेटवर टाकली त्यायनं. कोणी ऐकलंच नाई बरं हे!"

रोशनने तोंड वाकडं केलं, पण लावलं. ट्रिंग ट्रिंग!

"हेच! हेच वं माय!" बाईंना इतका आनंद झाला, की लाजबिज सोडून भसाड्या आवाजात त्या गायलाच लागल्या. तेवढ्यात पाहुण्यांच्या खुर्चीतून दुसरा, त्याहून बेसूर आवाज उठला. अच्युतराव! शब्द एक चुकत नव्हता.

"अवो, तुमाले येते?"

"इतके वर्सं कानाशी वाजून राह्यलं, मी का बहिरा हाय?"

मग काय, दोघं सुटलीच. 'सायकल लाव झाडाशी, ऐक ना,' म्हणाली आणि सवयीने थेट 'चल, आता घर आलं' वर पोचली. गाणं मात्र मागेच राहिलं. स्पीकरमधला मुलगा निवांतपणे म्हणत होता, 'घाई कसली गं, बाभळीवर ऊन अजून बसलंय.'

दोघं आ वासून थांबली. जन्माच्या ओळखीच्या गाण्यात नवीकोरी ओळ!

"हे कापलं काय हो तुमी?"

"मले काय मालूम! गुंता झालता, तेवढा कापला."

बाई हसता हसता रडायला लागल्या. बाकीच्यांना काही कळलं नाही, पण तेही हसत सुटले. "रोशन, परत लाव!" रोशनने पुन्हा लावलं, मग पुन्हा, आणि शेवटच्या वेळी तोच तोंडाने घंटी वाजवत होता.

फाटकाबाहेर अच्युतरावांनी स्कूटर सुरू केली. "चाल लवकर. अंधार होईन."

इतकी वर्षं याच फाटकातून बाई पदर खोचून धावत सुटायच्या. बस, स्वयंपाक, पोरांच्या शाळा. आज त्या लिंबाखालच्या बाकावर जाऊन बसल्या. रस्त्यापलीकडच्या बाभळीवर अजून चांगलं ऊन होतं.

"घाई कसली?" त्या म्हणाल्या.

अच्युतरावांनी गाडी बंद केली. बाईंच्या हातातला नारळ आपल्या मांडीवर घेतला आणि शेजारी बसले.