कपाटातला नवा, मेजावरचा जुना

“दाब गं हळू, सोड गं हळू, इवल्या छातीला उमलू दे गं...” मोठ्या सिस्टरांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नव्या मुलींना त्या असं गुणगुणतच शिकवायच्या. म्हणायच्या, घाबरलं की आकडे विसरतात, चाल विसरत नाही.

मित्रांनो, मी एक जुना फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे हो! जाड रबराचा, मुठीत मावणारा, आणि एका टोकाला बाळाच्या नाकातोंडावर बसेल असा मास्क. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, त्याला पहिले श्वास मी देतो. आलो तेव्हा असा तुकतुकीत होतो की मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “अगं बाई, नवरदेवच आलाय!” दिव्याखालच्या मेजावर मला जागा मिळाली. किती बाळं निळी आली आणि गुलाबी होऊन आईच्या कुशीत गेली! त्यांचा टाहो हीच माझी शाबासकी.

मग मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. मीही थकलो. धुऊन धुऊन रबर कडक झालं, कुशीला चीर पडली, तिच्यावर चिकटपट्टी आली. एक नवा फुगाही आला, पण तो वेष्टनासकट काचेच्या कपाटात जाऊन बसला. प्रसूतिगृहाच्या मुख्य बाई म्हणायच्या, “तपासणीला साहेब आले की दाखवायला एक तरी धड वस्तू नको का? तोवर भागवा या म्हाताऱ्यावर.” सगळ्या हसायच्या.

एके सकाळी एक बाई बाळंत होत होती. पाणी गेलं ते हिरवं, दाट. बाळानं पोटातच पहिली शी केली होती आणि ती त्याच्या श्वासात गेली होती. मुलगी झाली. अंग लोळागोळा, रडणं नाही. धाकट्या सिस्टरनं तिचं तोंड-नाक साफ केलं, मला उचललं, दाबलं. छाती हलेना. माझ्यातली हवा चिरेतून फुस्सकन निसटत होती. ती दाबत राहिली, मी गळत राहिलो. आपल्या पोटातला श्वास वीतभर अंतरावरच्या जिवाला पोचू नये! काय सांगू मित्रांनो, रबरालाही रडू फुटलं असतं. कपाटातला नवा फुगा हाती येईपर्यंत चार मिनिटं गेली. त्यानं छाती हलवली, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात ती पोर गेली.

“बाळच अशक्त होतं,” असं सगळ्यांनी सांगितलं. मला मलमपट्टीच्या खोलीत, टाकाऊ सामानाच्या खोक्यात ठेवलं. तिथून एवढंच मागणं आहे. जीव वाचवायच्या वस्तू शोभेला मांडू नका. आम्हाला रोज तळहातावर दाबून पाहा. चिरलो तर खुशाल फेकून द्या, मी रागावणार नाही. पण हे ऐकतंय कोण? माझ्या जागी आलेल्यालाही कुणी दाबून पाहत नाही.

महिन्याभरानं ती आई टाके दाखवायला आली. सोबत सासूबाई.

“काय सांगायचं सिस्टर,” सासूबाई म्हणाल्या, “ऐन वेळी हिनंच जोर लावायला कुचराई केली. पोटची पोर घालवली.”

सून मान खाली घालून म्हणाली, “खरं असेल. मला फार दमायला झालं होतं.”

धाकट्या सिस्टरनं बोळा खाली ठेवला. हात पुसले. पुन्हा पुसले.

“मावशी, हिला नका बोलू. हिचं काही चुकलं नाही. आमचा फुगा फाटका होता. मला माहीत होतं. आणि नव्याची किल्ली माझ्याच खिशात होती. वेष्टन फोडलं तर बोलणी बसतील, म्हणून मी फाटकाच दाबत राहिले.”